कुठल्या काठाचं शेवाळ

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगते. घरात, शेजारात, रेशनच्या रांगेत, कुणाचीही गय केली नाही मी. पण ज्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, त्याच दिवशी मेली माझी जीभ टाळ्याला चिकटली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. सोलापुरात आम्ही दोन खोल्यांत राहायचो, भिंतीपलीकडं मागांची खटखट. हे हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. आमची लेक तीन वर्षांची. गोवर निघून गेला, पण पोरीच्या अंगात काही ठेवून गेला नाही. हातापायाच्या नुसत्या काड्या. डॉक्टर म्हणाले, दूध द्या, अंडी द्या. बोलायला काय जातंय! रेशनची लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, भाकरीला धड थापली जात नव्हती, दूध कुठनं आणायचं?

मग ह्यांनी वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं की पाण्यावरच्या शेवाळात डाळीपेक्षा जास्त कस असतो. झालं! डोक्यात शिरलं की शिरलं. सायकलला बादली अडकवून गावाबाहेरच्या तळ्यावर गेले, मधल्या पाण्यातलं शेवाळ धोतरात गाळून आणलं. गच्चीवर टॉवेल पसरून वाळवलं, मी पाट्यावर वाटलं. पोरीला द्यायच्या आधी आठ दिवस स्वतः ताकातनं खाल्लं. काही झालं नाही. मग चिमूटभर पोरीला. तिलाही काही झालं नाही. उलट दोन घास जास्त जेवायला लागली. हे तर हवेतच! "बघ, तुमच्या रानात असलं शास्त्र नव्हतं," म्हणून मला चिडवायचे. मीही हसायचे.

त्या भुकटीचा डबा संपला तोवर तळं पार आटत आलं होतं. ह्या खेपेला हे लवकर परतले. खूश होते. म्हणाले, "गाळायलासुद्धा लागलं नाही गं. एका काठाला सायीसारखं जाड साचलंय. हातानं ओढून घेतलं."

मी बादलीत बघितलं. निळसर हिरवं, रंग ओतल्यासारखं. वास नाकात गेला आणि मी बादलीपासून मागं सरले.

मी मेंढरांमागं वाढलेली. सांगोल्याकडचं आमचं बिऱ्हाड. तळ्यावर गेलं की माझे वडील आधी मूठभर माती उडवून वारा बघायचे. वारा जिकडून येतो त्या अंगाला कळप पाजायचा. वाऱ्यानं शेवाळ ढकलत नेऊन जिथं साठवलंय, त्या काठाला मेंढरू फिरकू द्यायचं नाही. मी सहा वर्षांची असताना दोन मेंढ्या चुकून त्या काठावर प्यायल्या. बिऱ्हाडापर्यंत पोचल्याच नाहीत, वाटेतच पाय झाडून गेल्या. हे सगळं मला माहीत होतं. बादली समोर होती. नुसतं विचारायचं होतं, "अहो, कुठल्या काठाचं?"

नाही विचारलं. मासिक वाचणाऱ्या माणसाला मेंढरांचं काय सांगायचं? पुन्हा हसतील, म्हणून गप्प बसले. लाज वाटली मला, दुसरं काही नाही. वाळवलं, वाटलं आणि माझ्या हातानं पोरीच्या भाताच्या पेजेत कालवलं. आधीचं पचलं होतं, म्हणून ह्या वेळी ह्यांनी स्वतः खाऊनही बघितलं नाही.

दुपारपर्यंत पोरीला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. संध्याकाळी मान टाकली तिनं. ह्यांनी उचललं आणि मोठ्या दवाखान्यात पळत नेलं, पायात चप्पल नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? हे म्हणाले, शेवाळाची भुकटी. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून विचारलं, "मास्तर, शेवाळ?" हे खिशातनं मासिकाचं पान काढून दाखवायला लागले. घाईघाईनं उलगडताना पान फाटलं.

सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे, आत्ताच काही सांगता येत नाही. मी खाटेचा दांडा धरून उभी होते. देवाला काय म्हणावं तेही सुचेना.

निरोप मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माझे वडील आले. खांद्यावर घोंगडं, धुळीनं भरलेले पाय. नातीच्या कपाळावर हात ठेवला, सगळं ऐकून घेतलं, आणि ह्यांना एवढंच विचारलं, "मास्तर, वारं कुटनं हुतं? कुटल्या काठाचं काढलं?"

ह्यांना प्रश्नच कळला नाही. वडिलांनी समजावलं तसे हे खाली बसले. म्हणाले, "मी मारली माझी पोर." शास्त्र शिकवणारा माणूस दवाखान्याच्या फरशीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

मी पाणी आणायला म्हणून बाहेर पडले. वडील मागोमाग आले. नळापाशी माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

"तुला ठावं हुतं की गं."

मी घागर नळाखाली लावली. घागर भरून वाहत होती, तरी नळ बंद करायचं भान नव्हतं.

पोर वाचली. महिनाभर दवाखान्यात होतो, पण वाचली. आज तिला नातवंडं आहेत. वडिलांनी ते वाक्य पुन्हा कधी काढलं नाही, मरेपर्यंत नाही. आणि ह्यांनी जन्मभर शेवाळाचं नाव निघालं की मान खाली घातली. "माझी चूक," म्हणायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. दर वेळी मी शेजारीच बसलेली असायचे. एवढी तोंडाळ बाई मी, पण हे गेले त्या दिवसापर्यंत त्यांना सांगितलं नाही, की मला माहीत होतं.