खरं सांगतो, सिस्टर

"खरं सांगतो, सिस्टर," असं म्हटल्याशिवाय त्याचं कुठलंच वाक्य सुरू व्हायचं नाही. उशीर झाला तरी खरं सांगतो, वेळेवर आला तरी खरं सांगतो. एकदा मी सहज विचारलं, "जेवलात का?" तर म्हणे, "खरं सांगतो, सिस्टर, वालाची भाजी होती." आता वालाच्या भाजीबद्दल कोण कशाला खोटं बोलेल? पण असा माणूस तुम्हाला भेटला, तर एवढं ओळखावं की कधीकाळी त्याच्या शब्दावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता.

मी खालापूरच्या बाजूला एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे. मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं केंद्र. गर्दचा नाद सुटावा म्हणून तिथे रोज एक गोळी देतात. त्या गोळीने अंगाची तडफड थांबते आणि माणूस कामाधंद्याला लागतो. मात्र ती गिळायची नाही. जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून बाकावर बसायचं. पोटात गेली तर वायाच जाते म्हणा ना. मग मी म्हणणार, "जीभ वर." खाली काही उरलेलं नसेल तरच सुट्टी, कारण गोळी गालात दडवून बाहेर नेणारेही असतात.

हा रसायनीला टँकर चालवायचा, तेव्हा हायवेवरच्या संगतीत अडकला. नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. आत्याचा तांब्याचा हंडा कल्हईला म्हणून घेऊन गेला, तो हंडा काही परत आला नाही. तरी त्याच आत्याने शेवटी त्याला कडावला आपल्या घरी आणलं. तिच्या म्हशी होत्या. गावचं दूध टेंपोत भरून हायवेवरच्या हॉटेलांना पोचवायचं काम तिने त्याला लावून दिलं, आणि दूध टाकून झालं की तो आमच्या बाकावर हजर व्हायचा.

अशा बडबड्या माणसाने तोंड मिटून बसायचं म्हणजे शिक्षाच. त्यावर त्याने उपाय काढला. तो हातांनी बोलायचा. म्हैस कशी व्याली, पारडू पाय वर करून कसं पडलं, डॉक्टरचा बूट शेणात कसा रुतला, सगळं दोन हातांत. बाकावरची माणसं ओठ दाबून हसायची. एकदा एकाला इतकं हसू आलं की त्याने गोळी गिळूनच टाकली. त्या दिवसापासून मी याला भिंतीकडे तोंड करून बसवू लागले. मग तो भिंतीला गोष्टी सांगायचा आणि बाकीचे मागून त्याचे खांदे बघत हसायचे.

मग कोरोना आला. बाकावरची गर्दी बंद झाली आणि आठवड्याच्या गोळ्या घरी द्यायचं ठरलं. अट एकच, गोळ्या घरच्या जबाबदार माणसाने सांभाळायच्या. याच्या गोळ्या आम्ही गावच्या आशाताईंकडून आत्याकडे पाठवल्या. मी आत्याला फोन लावून समजावू लागले, "आत्या, गोळी त्यांच्या हातात द्यायची नाही—"

"नाय देत, बाय. माजा हंडा गेलाय," आत्या म्हणाली, आणि म्हशीची धार राहिली म्हणून फोन ठेवला. जिभेखालचं सांगायचं राहूनच गेलं. त्याला स्वतःला ते माहीत होतं, म्हणून मीही निर्धास्त होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. बोलताना सारख्या जांभया देत होता.

"खरं सांगतो, सिस्टर, आत्या गोळी कुटून दुधात घालते. म्हशीला औषध देती तशी. आन् समोर उभी ऱ्हाऊन प्यायला लावते."

"मग सांगा ना तिला, जिभेखाली ठेवायची असते म्हणून!"

"सांगितलं. म्हणते, जिबंखाली ठेवून मंग कुठं इकनार रं?"

मला हसूही आलं आणि काळजीही वाटली. इतकी वर्षं हा खोटं बोलला आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. आता जे खरं होतं, तेच कोणाला पटत नव्हतं. त्यात गोळीचा असर नाही म्हणून त्याचं नाक गळायला लागलं होतं, अंगावर काटा येत होता, पिंढऱ्या ठणकत होत्या. त्या दिवसांत गळणारं नाक म्हणजे काय, ते तुम्हाला आठवत असेलच. गावात कुजबुज सुरू झाली. त्याला नेऊन शाळेत वेगळं ठेवायचं घाटत होतं. तिथे तर कुटलेली गोळीही मिळाली नसती.

मी आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "तू खरीच सिस्टर हाईस कशावरनं? यानंच कुनाला तरी पडवून ठेवलं असंल." आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचा फोन. आवाज खोल गेलेला. "सिस्टर, तो गर्द इकनारा अजून उभा असतो हायवेला. रोज त्याच्यासमोरनं दुधाची गाडी जाते. आज गाडी हळू झाली. थांबवली नाय. पर हळू झाली."

त्या वेळी तो "खरं सांगतो" म्हणाला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी एवढंच म्हटलं, "उद्या आत्याला गाडीत घालून इकडे आणा. सिस्टर खरी की खोटी, तिला बघू दे."

आत्या आली. पुढच्या सीटवर, नाकातोंडाभोवती पदर गुंडाळून. कुंभिवलीला पोलिसांनी अडवलं होतं म्हणे, दुधाच्या गाडीत म्हातारी कशाला? त्यावर आत्याने ऐकवलं, "गाडी माजी, म्हस माजी, दूद माजं. दूदवाली मी हाय, यो निस्ता डायवर." पोलिसांनी वाट करून दिली.

गेटवर दोघांचा ताप पाहिला. ताप नव्हता. त्यांना व्हरांड्यात लांब लांब बसवलं. आत्याने कनवटीची डबी काढली. डबी मशेरीची. त्यातच त्याच्या गोळ्या, कापसात नीट गुंडाळलेल्या. व्यसन कसं वाईट, हे आत्या पदर खाली ओढून मला मशेरीने काळ्या झालेल्या दातांनी समजावून सांगू लागली. डॉक्टरांना विचारून मी त्याला अख्खी गोळी दिली. त्याने ती जिभेखाली ठेवली, ओठ मिटले आणि बसला. हळूहळू हात चालू झाले. एक बोट आत्याच्या दातांकडे, दुसरं डबीकडे, मग दोन्ही हात जोडून देवाला नमस्कार.

आत्या टक लावून बघत होती. गोळी विरघळली. मी म्हटलं, "जीभ वर." त्याने तोंड उघडलं. आत्याने लांबूनच मान पुढे काढून आत पाहिलं. काही नव्हतं.

"म्हंजी यो खरं बोलत व्हता?" ती हळूच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "एवडा वेळ यो गप ऱ्हातो? मंग दिसातनं दोनदा द्या की, बाय!"

मी इतकी हसले की मास्कमधून वर येऊन चष्म्यावर वाफ धरली. तो मात्र हसला नाही. तोंड फिरवून बाहीने डोळे पुसत होता, आणि या वेळी ते नुसतं गोळी न मिळाल्याने गळणारं पाणी नव्हतं.

त्यानंतर आत्याइतकी कडक सिस्टर आमच्या केंद्रातही झाली नाही. रोज सकाळी जिभेखाली गोळी देऊन ओट्यावर त्याला बसवायची, आणि मग मोबाइलची बॅटरी लावून तोंडात बघायची. आळीतली पोरं कट्ट्यावर जमायची. तो हातांनी त्यांना गोष्टी सांगायचा. नाक थांबलं, जांभया थांबल्या, शाळेचा विषय आपोआप मिटला. गाडी हायवेला पुन्हा कधी हळू झाली का, ते मी विचारलं नाही.

पुढे बाक पुन्हा भरला आणि तोही परत आला. डॉक्टरांनी हळूहळू गोळी कमी करत नेली, आणि एक दिवस त्याची गोळी बंद झाली. दुसऱ्या दिवशी भिंतीजवळची जागा रिकामी. सगळे शहाण्यासारखे तोंड मिटून बसलेले. काम कसं सुरळीत झालं होतं, आणि मला अजिबात करमत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी एसटीने जात होते. कुंभिवलीला गाड्या तुंबल्या, आणि शेजारी येऊन उभा राहिला तो दुधाचा टेंपो. स्टिअरिंगवर हा, बाजूला आत्या. हॉर्नचा कल्ला, खिडकीची काच अडकलेली. त्याने मला पाहिलं आणि हात सुरू. म्हैस, पोट, पारडू. मग कपाळाला हात आणि आत्याकडे बोट, म्हणजे पारडूचं नाव आत्याने ठेवलं असणार. मग हात थांबले. त्याने तोंड उघडलं आणि मी न सांगता जीभ वर केली.

"जा, सुट्टी," मी बसमध्येच मोठ्यांदा म्हटलं. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

आत्याने मात्र त्याच्या तोंडाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती आपली मशेरी लावत, पुढच्या गाड्या कधी हलतात ते बघत बसली होती.