आज बी सूर्य कोरा

"आज बी कोरा," असं म्हणून काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि कागदाची घडी घालायचे. छावणीत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. मागं त्यांचं आणि काकूंचं घर, त्यातल्याच एका खोलीत मी भाड्यानं राहायचे. रोज सकाळी ते दुकानाच्या पायरीवर दुर्बीण बांधून सूर्याचा गोळा कागदावर पाडत आणि त्यात काळे डाग शोधत. दुर्बिणीला डोळा मात्र कुणाला लावू देत नसत.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतंच. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा एक गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं, दूरची स्टेशनं लागत नाहीत म्हणून. काकांनी तो उघडलासुद्धा नाही.

"मशीन ठीक हाय. सूर्यावर डाग नायत. दोन-तीन वर्षांनी या."

गिऱ्हाईक थेट समोरच्या दुकानात गेलं. मी हसले, तर माझ्यावरच घसरले.

"बाई, तुम्ही शाळेत सायन्स शिकवता ना? डाग असले की आभाळातला वरचा थर दाट होतो. लांबचा आवाज त्याच्यावर आपटून खाली येतो. आता भिंतच पातळ झाली, तर चेंडू माघारी येईल कसा?"

खरं दुखणं वेगळंच होतं. काका परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले. दर रविवारी सकाळी नऊला ते आपल्या सेटवरून जपानमधल्या एका निवृत्त मास्तरांशी बोलत. वीसेक वर्षांची दोस्ती. इंग्रजी दोघांचंही बेताचं, त्यामुळे हवा कशी, आवाज कसा, तब्येत कशी, एवढ्यात बोलणं आटपायचं. पण सूर्य शांत झाला आणि नुसती खरखर उरली. तरी काका नऊला बसायचेच.

"तो बी तिकडं बसला असंल. आपण उठून कसं चालंल?"

मला राहवेना. मास्तरांचा पत्ता शोधून मी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. दोघं म्हातारे वाकून नमस्कार करून बसले. हवा झाली, तब्येत झाली. पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. फोन बंद झाल्यावर काका म्हणाले, "आवाज लई साफ हाय. मजा नाय." मग थोड्या वेळानं, "लई थकलाय हो तो. मी बी तसाच दिसत असंन. सूर्य जागा होईस्तोवर दोघं टिकलो म्हंजे झालं. एकदा त्या खरखरीतून त्याची हाक ऐकायचीय."

पुढं त्यांचं हृदय दगा देऊ लागलं. अंथरूण धरलं, तेव्हा मी दुर्बीण खिडकीत बांधली. कागद मी धरायचे, ते पलंगावरून बघायचे. रोज कोरा. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. एका सकाळी मी कागदावर आधीच पेन्सिलीनं एक ठिपका काढून ठेवला.

काकांनी हात लांबवून कागद हळूच हलवला. ठिपकाही हलला.

"बाई, कागदाचा डाग कागदासंगं हलतो. सूर्याचा जागचा हलत नाय." रागावले नाहीत. माझ्या हातावर थोपटलं फक्त. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या महिन्यातच ते गेले. मास्तरांना मीच फोनवर कळवलं.

कागद धरायची सवय मात्र मला लागली ती लागलीच. खूप महिन्यांनी एका सकाळी एक ठिपका दिसला. मी कागद हलवला. ठिपका जागेवरच. मी एकटीच पायरीवर बसून रडले.

एकावरून दोन, दोनावरून बरेच झाले. मग दर रविवारी नऊला मी आणि काकू काकांचा सेट लावून बसू लागलो, नुसतं ऐकायला. एका रविवारी खरखरीतून मास्तरांचा आवाज आला. काका नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते काकांनाच हाक मारत होते. हाक मारायची, उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबायचं, पुन्हा हाक मारायची.

बोलायचा परवाना माझ्याकडे नाही, काकूंकडेही नाही. माईकला आम्ही हात लावला नाही. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सेटजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "व्हय, ऐकायलेत ते."