घळवाडीची हद्द

मोजणी खात्यात वीस वर्षं काढली की किश्श्यांचं गाठोडं आपोआपच होतं. पण आमच्या ऑफिसात चहाला बसलं, की गाडी फिरून फिरून घळवाडीवरच येते.

चंदगडच्या डोंगरात, खोल दरीत, बावीस घरं. मी आणि जोडीदार शिंदे घरांच्या मोजणीला गेलो, तर गावच दिसेना! गुरं राखणाऱ्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "पावणं, गावाच्या डोक्यावर हुबं हायसा की!" खाली वाकून बघितलं, तर झाडांत कौलं!

मोजणीच्या मशीनला सॅटेलाइटचा सिग्नल मिळेना. शिंदे तासभर मशीनची काठी धरून उभा. वाट दाखवायला आलेली सत्तरीची गंगाक्का म्हणाली, "हितं सूर्व्या धाला येतो. तुमचं सॅटेलाइट काय त्याच्या आधी येतंय व्हय?" दहाला दरीत ऊन उतरलं, आणि पाठोपाठ सिग्नलही आला!

मग अक्कानं शिवार सांगितलं. वाघबसा, म्हसबुडी, जुनी वाट... कोणाचं, कोणी कोणाला दिलं, ओढा आधी कुठून वाहायचा, सगळं तोंडपाठ. शिंदे जुन्या नकाशावर बोट ठेवत होता. एक तुकडा चुकला नाही!

"अक्का, शाळा किती झाली?"

"शाळा गावात आली तवा माझी पोरं शिकाया गेली की!"

आणि घोळ झाला तो तिच्याच घराचा. गावाच्या हद्दीचा जुना दगड कुठंच सापडेना. आमच्या मापानं तिचं घर हद्दीबाहेर, जंगलात जात होतं. म्हणजे सगळ्या गावाला घराच्या मालकीचं कार्ड मिळणार, आणि गाव सांगणारीला नाही! मला फार वाईट वाटलं. शिंदेनं हळूच सांगितलं, "अक्का, दगड मिळाला तरच काही होईल."

"दगुड व्हय? मग भाकऱ्या हुईस्तवर थांबा."

आम्ही जेवलो. मग तिनं मागच्या भिंतीला टेकलेल्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं, राख काढली, माती उकरली. खाली घडीव दगड, वर छिन्नीची फुली! भिंतीपलीकडं जंगल, अलीकडं, हद्दीच्या आत, अख्खं घर.

शिंदेनं काठी उचलली आणि थेट फुलीवर टेकवली.

"सासऱ्यानं चूल मांडली हितं," अक्का हात झटकत म्हणाली. "उघड्यावरचा दगुड कोणबी सरकवतंय, सायेब. पेटती चूल कोण सरकवतंय!"