हरताळात उजळलेला काक्षी

अवकाश दुर्बिणींनी पाठवलेले महाकाय ताऱ्यांच्या तेजाचे आलेख वाचण्यात माझी नोकरीची शेवटची वर्षं सुखात गेली. तारा फुगतो, आक्रसतो आणि त्याच्या प्रकाशाची रेघ वरखाली होते. एवढासा फरक बघायला दुर्बीण थेट अवकाशात कशाला न्यायची, असं कुणी विचारलं की मला हसू येतं. अशा शहाण्यांना लोअर परळच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर उभं करायला हवं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, वडील शेजारच्या गिरणीत टाइमकीपर. कॉलेजातल्या सरांनी संशोधनाला घेतलं तर पुढे शीक, नाहीतर वैशाखात लग्न, असं वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं. स्थळही बघून ठेवलं होतं. मुलाचं नाक सोडलं तर नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. सरांचं म्हणणं, स्वतःचं एखादं निरीक्षण आणून दाखव, मग बघू.

म्हणून मी रोज दिवेलागणीनंतर गच्चीवर जाऊन मृग नक्षत्रातल्या काक्षी ताऱ्याचं तेज नुसत्या डोळ्यांनी जोखत असे. तुलनेला वर रोहिणी होती. दोन्ही तांबूस, त्यामुळे ताडून बघणं सोपं. टक मात्र लावायची नाही. तांबड्या ताऱ्याकडे रोखून पाहिलं की तो उगाच उजळ वाटतो.

रोज दोन्ही सारखेच दिसत. मग हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या, आणि त्या संध्याकाळी काक्षी रोहिणीहून चांगलाच तेजस्वी दिसला. दुसऱ्या दिवशीही तसाच. कॉलेज उघडताच मी सरांना गाठलं. तेही खूश झाले, जूनपासून ये म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं.

गिरण्या पुन्हा सुरू झाल्या. वाळलेली पातळं काढून आणताना आई कुरकुरली, की हरताळात निदान कपड्यांवर काजळी तरी पडत नव्हती. संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाहिलं. गिरणीच्या चिमणीचा धूर नेमका काक्षीवरून जात होता आणि रोहिणी त्याच्या वर, स्वच्छ. तारा उजळला नव्हता, धूर थांबला होता. जन्मापासून तो धूर बघत आलेली मी, मला तो आकाशातलाच वाटे.

सर राहायचे ठाकूरद्वारला. गिरणगावच्या धुराशी त्यांचा काय संबंध? मी गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण मला ते जमेना. दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं, मग निरीक्षण उरलंच नाही म्हणाले. जूनचं काही बोलले नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

घरी वडिलांना सांगताना रडू आवरेना. लग्नाचं एवढं नव्हतं, शिक्षण सुटणार याचं फार वाईट वाटत होतं. वडील टोपी खुंटीला लावत होते. धूर कुठल्या गिरणीचा, एवढंच त्यांनी विचारलं. तुमच्याच, मी म्हटलं.

"धूर आमच्या गिरणीचो," ते आपल्या मालवणीत म्हणाले. "तेच्यापायी तुजा शिक्षण कित्याक बुडाक व्हया?"

रविवारी धुतलेला सदरा घालून ते स्थळाला नकार कळवायला निघाले.