तात्या कोर्सचं घर बघायला गेले

आमच्या घरात हट्टी माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण माझी नणंद वत्सला त्यात पहिल्या नंबरची. ती भांडायची नाही, आदळआपट तर मुळीच नाही. मनात आलेली गोष्ट हसतमुखानं बोलत राहायची, तुम्ही कंटाळून हो म्हणेपर्यंत. मी मनोरहून लग्न होऊन एडवणला आले तेव्हा ती कॉलेजात होती. रोज एसटीनं पालघर गाठून बी.ए. झाली, पुढे बी.एड.ही झाली आणि पालघरच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली.

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. त्यांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव लेकीत. वत्सला एकेक स्थळ नाकारायची तेव्हा ते रागवल्यासारखं करायचे, पण पोरगी घरात राहते म्हणून आतून खूष असायचे. चुलीशी बसून मला ते स्वच्छ दिसायचं.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. वत्सलाच्या शाळेतली हंसा मालदीवला इंग्रजी शिकवायला गेली होती, ती सुट्टीत आली आणि तिनं आमच्या वत्सलाच्या डोक्यात किडा सोडला. तिथल्या शाळांना बाई हव्या होत्या. फक्त परक्या मुलांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचं एक सर्टिफिकेट लागणार होतं.

तात्या जेवता जेवता म्हणाले, "तिकडं काय हाय?"

"समुद्र आहे, तात्या. चहूबाजूंनी."

"मग हितला काय वाईट हाय?"

यावर वत्सला हसली आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय पुन्हा काढला. महिनाभरात तात्या एवढ्यावर आले की कोर्स कुठला, ते आधी ठरवू. कोर्स होते दोन. एक पोस्टानं व्हायचा, त्याचं ऑफिस पालघर स्टेशनाजवळ. धडे घरी येणार, उत्तरं लिहून पाठवायची, नापास कुणीच होत नाही. दुसरा मुंबईच्या एका संस्थेचा, बोईसरला भरायचा. तिथं महिनाभर रोज जायचं, खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवायचं, आणि मागे बसलेली बाई चुका काढणार. त्यात नापास होणारेही बरेच. हंसानं हाच केला होता.

वत्सलाला बोईसरचा हवा होता. तात्यांना पोस्टाचा. घरबसल्या मिळतं तर वणवण कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी वत्सला म्हणाली, "तात्या, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणारच नाही. पण नाही म्हणायच्या आधी एकदा बघून तरी या."

हे मात्र तात्यांना पटलं. पोरगी द्यायच्या आधी मुलाचं घर बघायला जायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. विहिरीला पाणी किती, ओटी केवढी, माणसं कशी बोलतात, हे बघितल्याशिवाय कुणी सुपारी फोडत नाही. तात्यांनी ठेवणीतली टोपी काढली. त्यांचे धाकटे भाऊ विश्रामकाका तयार झाले. केळ्यांचा एक फणा आणि विड्याच्या पानांची जुडी पिशवीत भरली. वत्सला तर येणारच होती, पण बायकांपैकी थोरं कुणीतरी हवं म्हणून मलाही घेतलं. मी नको म्हणणार होते थोडीच.

पालघरचं घर तात्यांना फार आवडलं. ऑफिसातल्या चष्मेवाल्या साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड पेय मागवलं, नोकरीची हमी दिली. तात्यांनी नळ सोडून बघितला. पाणी भरपूर होतं.

"आनि पोरं कुटं बसतात?" तात्यांनी विचारलं.

"पोरं नसतातच आजोबा, सगळं कागदावर."

"बरं हाय, कटकट नाय," तात्या म्हणाले. वत्सलाचं तोंड एवढंसं झालं. तात्या एकदा सुपारी फोडायला बसले की त्यांना उठवणं कठीण. मीच घाई केली आणि सगळ्यांना बोईसरच्या बसमध्ये बसवलं.

बोईसरचं घर म्हणजे एका शाळेच्या मागच्या दोन खोल्या. कुणी या म्हणालं नाही. शिकवणाऱ्या मिस डायस नावाच्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाई वैतागून येरझाऱ्या घालत होत्या. ज्यांना शिकवून दाखवायचं ते कारखान्यातले कामगार जादा पाळीत अडकले होते. बाकावर सालवडला राहणारा, हिंदी बोलणारा रामू नावाचा एकटाच कामगार बसलेला.

तात्यांनी नमस्कार करून सांगितलं, "आमी घर बघायला आलोय."

मिस डायसना काय कळलं कोण जाणे. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "इंग्रजी येतं तुम्हाला?"

"नाय."

"उत्तम. बसा." मग वत्सलाकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला कोर्स करायचाय ना? मग शिकवा यांना. मराठीचा एक शब्द बोलायचा नाही. जमलं तर प्रवेश."

रामू सरकला. "चाचा, इधर बैठो." तात्या टोपी सावरत लेकीसमोर बाकावर बसले. ठेवणीतल्या साडीत मी, शेजारी विश्रामकाका. मला हसू आवरेना.

वत्सलानं खडू घेतला आणि शाळेतल्यासारखं फळाभर लिहून वाचायला लागली. विश्रामकाका छताकडे बघू लागले. तात्यांची मान खाली गेली. मिस डायसनी घड्याळ बघितलं. माझं हसू पळालं. वाटलं, आता संपलं, पोरगी स्वतःच्या बापासमोर नापास होणार.

वत्सला थांबली. खडू ठेवला. सरळ माझ्या मांडीवरच्या पिशवीत हात घालून केळी काढली. एक छातीशी धरून म्हणाली, "धिस इज माय बनाना." एक तात्यांच्या हातात दिलं आणि वाट बघत उभी राहिली. खूप वेळ. तात्या केळ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "धिस इज... माय बनाना."

वत्सलाचा चेहरा असा उजळला की विश्रामकाकांनी न सांगता हात पुढे केला. मग पानं निघाली, रामूचा डबा निघाला, माझी छत्री निघाली. वत्सलानं मुद्दाम तात्यांचं केळं रामूला दिलं, तर तात्या बाकावरून उठून म्हणाले, "नो! माय बनाना!" रामू पोट धरून हसला. जन्मात मी एवढी हसले नव्हते. वत्सला कधी बाकांमधून फिरत होती, कधी डोळ्यांनीच चूक सांगत होती. घरी आम्ही पाहिलेली वत्सला ही नव्हेच.

वेळ संपल्याचं मिस डायसनी सांगितलं, तरी तात्या उभेच. त्यांनी वत्सलाकडे बोट दाखवलं आणि बाईंना म्हणाले, "धिस इज माय..." पुढचा शब्द त्यांना शिकवलेलाच नव्हता. ते लेकीकडे बघत राहिले. शिकवणारी तीच होती.

"डॉटर," वत्सला कशीबशी म्हणाली.

"धिस इज माय डॉटर," तात्यांनी छाती काढून सांगितलं.

मिस डायस पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, एक तारखेला या, पण इथं नापासही करतात. तात्या म्हणाले, "करा. चुकेल तितं बोला तिला. त्या पोस्टाच्या कोर्सात तर हिच्याकडं बघनारं कोनच नाय."

बस येईपर्यंत आम्ही स्टँडवर उसाचा रस पीत उभे होतो. तात्या ग्लास हातात धरूनच म्हणाले, "वत्सले, इतकी वरसं तू पालघरच्या शाळेत जातेस. तितं जाऊन हे करतेस, ते मला ठाऊकच नवतं."

"तात्या..."

"तू जा. कोर्सलाबी जा, आनि तिकडंबी जा. मला करमनार नाय, ते मी बघीन."

वत्सला त्या भर स्टँडवर लहान मुलीसारखी रडली. तात्यांचेही डोळे भरून आले, आणि ते पुसायच्या आधी त्यांनी रसवाल्याला ओरडून सांगितलं, "माज्या पोरीला आजून एक ग्लास दे. ती शिकवायला परदेशी चाललीय."