उजव्या चाकाचं बेअरिंग

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. बाबांपाशी तर नाहीच — आणि खरं म्हणजे ते त्यांनाच सांगायचं होतं. मग तुम्हाला काहून सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचं गॅरेज हिंगोलीत, नरसीच्या रस्त्याला. बाबांनी सुरू केलेलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ट्रॅक्टर, जीप, पिकअप — असली सरळ स्वभावाची जनावरं आमच्याकडे यायची. मग एक दिवस हळदीचे व्यापारी रऊफशेठ त्यांची ती लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. जुनी, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकलेली. हौसेनं पुण्याहून आणलेली. आमच्या रस्त्यांवर असली गाडी कोण चालवतं, सांगा! पुढची चाकं भुंगा डब्यात कोंडल्यासारखी घुमत होती आणि वळताना कटकट वाजत होतं. म्हणजे दोन्हीकडची बेअरिंगं गेलेली, आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे जे दांडे — ड्राइव्हशाफ्ट — त्यांच्या सांध्यांतलं ग्रीस वाळलेलं.

मला त्या गाडीचा पहिल्या दिवसापासून वैताग. जॅक तिच्याखाली जाईना. नट गंजून बसलेले. पाना घसरून माझी बोटं सोलली. बेअरिंगं मागवली तर चुकीची आली, परत पाठवली, पुन्हा वाट बघा. रऊफशेठचा फोन ऊठसूट — झाली का, झाली का? आणि या सगळ्यात बाबा! घाई हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. शाफ्टचा सांधा उघडायचा, त्यातली एकेक गोळी पुसायची, उजेडात धरायची, फिरवून बघायची, मग नवं ग्रीस बोटानं भरायचं. पेरणी तोंडावर, दारात ट्रॅक्टरवाले ओरडून राहिले, आणि बाबा गोळ्या पुसतायत. मी मनातल्या मनात म्हणायचो — हा माणूस आता घरी का बसत नाही?

डावं बेअरिंग बाबांनी बसवलं. उजवं माझ्याकडे होतं. बेअरिंग प्रेसवर दाबून बसवतात, आणि दाब त्याच्या बाहेरच्या कड्यावर द्यावा लागतो. आतल्या कड्यावर दिला तर गोळ्या रुततात, खळगे पडतात, नवंकोरं बेअरिंग जागच्या जागी मरतं. मला हे ठाऊक नव्हतं का? हे काम मी कितीदा तरी केलेलं. पण प्रेसमधून तेल गळत होतं, दाब धरेना. बाबा जेवायला गेलेले. मी हातोडा घेतला. आतल्या कड्यावर पाइपाचा तुकडा ठेवला आणि ठोकलं. ठोकताना कळत होतं — हाताला कळतंच ते.

बाबा आले. "प्रेसवरच बसवलंस ना रे?"

"व्हय."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर ते कधीच दुसऱ्यांदा विचारत नसत — हे आठवलं की स्वतःची जास्त चीड येते.

गाडी गेली, आणि आठवडा व्हायच्या आत परत आली. "उस्ताद, उजवीकडून आवाज येऊनच राहिला," रऊफशेठ म्हणाले. रागावले नाहीत. आता बेअरिंग प्रेसवर बसलेलं, म्हणजे खोट शाफ्टमध्ये; आणि शाफ्ट बाबांनी केलेला. बाबांनी असाच विचार केला. शाफ्ट पुन्हा उतरवला, पुन्हा पुसला, ग्रीस बदललं. आवाज तसाच. पुन्हा उतरवला. मी शेजारी होतो — दिवा धरून. दिवा धरून! तोंड उघडायला काय झालं होतं मला? उलट मीच त्यांच्यावर खेकसलो, "सोडा ना आता, काहून तेच तेच करून राहिले!"

शेवटी रऊफशेठनी गाडी नांदेडला नेली. तिथल्या मिस्त्रीनं उजवं बेअरिंग बदललं आणि आवाज बंद झाला. त्याचा मला फोन आला. हातोड्यानं ठोकलं होतं काय, म्हणाला, कड्यात वण उमटलेत, आणि हसला. मी फोन ठेवला. समोर बाबा, हातात चहाचा कप.

"काय निघालं?"

इथं तरी सांगता आलं असतं — नाही का? ते मला गाढव म्हणाले असते आणि कामाला लागले असते. बस, एवढंच झालं असतं.

"शाफ्टचंच निघालं," मी म्हणालो. "सांधा नीट बसला नव्हता."

भ्यालो म्हणून बोललो असं म्हणावं, तर तेही नाही. ते गॅरेजमधून जायला हवे होते मला. संधी आयती आली, मी घेतली. हेच ते — जे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. "असं होय," म्हणाले. "मला तर बराबर वाटलं होतं." संध्याकाळी त्यांनी आपले पाने पुसले आणि माझ्या कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी बोलवायलाही गेलो नाही.

गॅरेज आता माझ्या मनासारखं भराभर चालतं. बाबा घरी असतात. डोळे चांगले आहेत, हात थरथरत नाहीत — मी बघतो ना, जेवताना. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन अडलं. त्या सवयीनं बाबांकडेच घेऊन आल्या. बाबांनी चाक जरासं फिरवलं, कान लावला. त्यांना कळलं होतं कुठं अडलंय — मला दिसलं ते. मग त्यांनी हात काढून घेतला.

"माझा भरवसा न्हाई राहिला आता, बाई," म्हणाले. "पोराला दाखवा."

मी उठलो आणि मशीन दुरुस्त करून दिलं.