गॅसचा हीटर आणि पिल्लांचा लळा

चहा घ्या, तोवर माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर आमचा मेकॅनिक शकीलभाई मीठमसाला लावून सांगेलच!

बायको दोन महिन्यांपासून पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला. हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ आमचं शेतातलं घर, त्यात मी एकटा. किती एकटा? भाजीत मीठ जास्त पडलं तर नावं ठेवायला कुणी नाही. म्हणून कोंबडीची पाचशे पिल्लं आणली. धंदा हे निमित्त हो, मला घरात आवाज हवा होता. शेडमध्येच भुशावर गादी टाकली आणि तिथंच राहू लागलो.

पिल्लांना थंडीत ऊब लागते, म्हणून गॅसवरचा हीटर घेतला. शकीलभाई हिंगोलीहून फोनवर म्हणाला, "काका, तुमी हात नका लावू. मी शुक्रवारी येतो."

पण विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर जन्मभर मी दुरुस्त केलेले. मी ऐकतो होय? "तू नुसतं सांग, मी बराबर जोडतो."

त्यानं सांगितलं, मी जोडलं. मेन स्विच बंद करून वायरी लावल्या, अर्थिंग दिलं. हीटरचा पंखा थांबला की गॅसही बंद व्हावा, म्हणून व्हॉल्व्हची वायर कंट्रोलच्या डब्यातूनच नेली. पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा नाही. हवेसाठी वरची झडप उघडी ठेवली. एवढी हुशारी कुणाला दाखवावी? बायकोला फोन केला. ती म्हणाली, "व्हय का? जेवलात का?"

राहिला सेन्सर. लांब वायरच्या टोकाला बोटाएवढी नळी. तिला जेवढं गरम लागेल तेवढा आकडा डब्यावर येतो आणि त्यावर हीटर चालू-बंद होतो. ती पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर लटकवायची होती. पण पिल्लं तिला टोचा मारू लागली. नवी कोरी वस्तू! मी ती उचलून माझ्या उशाशी खिळ्याला टांगली. तिथंच पेपर वाचायला लावलेला शंभरचा पिवळा बल्ब.

संध्याकाळी बल्ब लावला. डब्यावर तेहतीस अंश, पिल्लांना हवे तेवढे; हीटर बंद. म्हटलं, किती शहाणं यंत्र आहे.

आणि मग काय सांगू, पिल्लं एकेक करून माझ्याकडे आली. पायाशी, मांडीवर, घोंगडीत. एक तर बंडीच्या खिशात शिरलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. दोन महिन्यांत माझ्याजवळ येऊन कुणी बसलं नव्हतं.

लगेच बायकोला फोन. "अगं, पिल्लांना माझा लळा लागलाय. मांडीवरून उतरत न्हाईत."

"काहून? काय खाऊ घालून राहिले?"

"काही न्हाई. नुसता बसतो."

"बसा मग. मला तुमचीच काळजी लागून राहिली व्हती."

सकाळी दोन पिल्लं मेलेली दिसली. प्रवासाचा शीण असेल म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी पुन्हा दरबार भरला.

शुक्रवारी दिवस मावळताना शकीलभाई आला. मी पिल्लांच्या गराड्यात बसून म्हणालो, "हळू, लेकरं बुजतील."

त्यानं वायरी तपासल्या. "वायरिंग एक नंबर, काका." मग भुशावर हात ठेवला, खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सेन्सर हितं कुणी टांगला?"

"मी. काहून?"

"बल्बखाली तेहतीस हाय, तिकडं अठरा असंल. पिल्लं काकडून राहिलीत, काका. तुमच्यापाशी ऊब हाय म्हणून चिकटलीत. असा ढीग झाला की खालची गुदमरून मरतात."

मला ती दोन आठवली. मान वर करवेना.

त्यानं सेन्सर खाली जागेवर बांधला. हीटर फुरफुरत पेटला. पाच मिनिटांत माझी मांडी रिकामी. खिशातलंही गेलं. मी चुचकारलं, दाणे टाकले. एकानं वळून पाहिलं असेल तर शपथ!

शकीलभाई गेला आणि बायकोचा व्हिडिओ कॉल आला. "लेकीला बघायचंय, दाखवा तुमचा लळा."

आता काय दाखवू? फोन तसाच वाजू दिला, गादी ओढत नेली, हीटरसमोरच्या गर्दीत मधोमध जाऊन बसलो आणि मग उचलला.

"खरंच की वो," बायको कौतुकानं म्हणाली, "तुमाला सोडतच न्हाईत."